रेघ चालती, चित्र जागेवर: लिहिलं जाणारं अक्षर आणि वाहत येणारी तापी

‘खान्देश’ हा शब्द कुणी कलमाने लिहितंय असं पडद्यावर दिसावं, किंवा नकाशावर तापी मुलताईहून निघून वाहत जावी. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, लग्नाची निमंत्रणं, कानबाईच्या उत्सवाच्या रील, शाळेसाठीचे माहितीपट, जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओत ही दोन कामं या ना त्या रूपात सारखी येतात. दोन्हींचं तंत्र एकच आहे. इथे ते आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सविस्तर दिलंय, शेवटी डाविंची रिझॉल्व्हमधल्या फ्युजनबद्दल थोडं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. जी रेघ दिसते तीच रेघ वाढवत नेऊ नका. अक्षर किंवा नदी पूर्ण काढून एका लेयरवर स्थिर ठेवा. तिच्या मधोमध जाणारी दुसरी, जाड, पांढरी रेघ वेगळ्या लेयरवर काढा आणि तिला मॅट करा, म्हणजे ती जिथवर पोचेल तिथलंच चित्र दिसेल. हलायचं ते मॅटने. तिचा रंग, जाडी, कडा प्रेक्षकाला दिसतच नाहीत, त्यामुळे अक्षराचा कलमी काट आणि नदीची बदलती रुंदी जशीच्या तशी राहते.

शब्द तयार करणं

नवीन कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे कामाचा पडदा) १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. काम फक्त रीलसाठी असेल तर १०८० × १९२०, ३० फ्रेम. फ्रेमरेट आधीच ठरवा. पुढे सगळा हिशोब फ्रेममध्ये आहे, मधेच २५ चे ३० केले की फटकाऱ्यांची लय बिघडते.

युनिकोड फॉन्टमध्ये ‘खान्देश’ टाइप केल्यावर जोडाक्षर फुटलं किंवा मात्रा भलतीकडे गेली, तर दोष फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ या भागात टेक्स्ट इंजिन ‘लॅटिन’वर राहिलेलं असतं. ते ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा (नव्या आवृत्त्यांत नाव वेगळं दिसेल) आणि शब्द नव्या टेक्स्ट लेयरवर पुन्हा टाइप करा. जुना लेयर जुन्याच इंजिनवर अडकून राहतो.

खरं तर अशा कामाला फॉन्टपेक्षा हाताने लिहिलेलं अक्षर केव्हाही चांगलं. कट निबने कागदावर मोठं लिहा, ६०० डीपीआयला स्कॅन करा, लेव्हल्सने कागद पांढराशुभ्र आणि शाई काळीभोर करा. हा स्कॅन एका सॉलिडला (एकाच रंगाच्या लेयरला) ‘ल्युमा इन्व्हर्टेड’ मॅट म्हणून लावला की शाईच्या जागी सॉलिडचा रंग येतो. मग दोन्ही लेयर निवडून कंट्रोल + शिफ्ट + सी, म्हणजे प्रीकॉम्प, दोन्हींचा मिळून एकच लेयर. पुढचा सगळा खेळ या प्रीकॉम्पवर.

टाइप केलेल्या शब्दावर ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ करून त्यालाच ट्रिम पाथ्स (रेघ एका टोकापासून उघडत नेणारी सोय) लावण्याचा मोह होतो. त्यातून अक्षराची बाह्यरेषा मिळते, मधली रेघ मिळत नाही. परिणामी अक्षराच्या कडेने तार फिरल्यासारखं दिसतं, लिहिल्यासारखं नाही. मधली रेघ हातानेच काढावी लागते.

मधली रेघ

कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून सगळे लेयर सोडा, मग ‘जी’ ही कळ दाबून पेन घ्या. ही पायरी चुकली आणि अक्षराचा लेयर निवडलेला राहिला, तर पेन शेप लेयर बनवत नाही, त्याच लेयरवर मास्क काढतो आणि अक्षर कापलं जातं. फिल पूर्ण बंद करा. फिल राहिलं तर वळणाच्या पोटातला भागही मॅटमध्ये धरला जातो आणि ‘श’ची गाठ लिहिण्याआधीच भरून येते. स्ट्रोक पांढरा ठेवा, जाडी अक्षराच्या सर्वांत जाड भागापेक्षा चौथ्या हिश्शाने जास्त. अक्षराची रेघ ६० पिक्सेल असेल तर मॅट ७५. शंभर-सव्वाशे केलं की शेजारच्या अक्षराचे तुकडे उजळायला लागतात.

बिंदू कमी टाका. ‘द’च्या पोटाला तीन बिंदू पुरतात, लांब हँडल देऊन. बिंदू जवळजवळ पडले की वळण खडबडीत होतं आणि जाड मॅटची आतली कड स्वतःवरच दुमडते.

प्रत्येक फटकारा स्वतंत्र शेप लेयरवर घ्या आणि नाव द्या: ख-१, ख-२, ख-दंड, काना, न-गाठ असं. इथे आळस केला तर तो पुढे फार महागात पडतो. ‘खान्देश’ला मात्रा आणि शिरोरेघ धरून अकराएक फटकारे होतात. ज्या दिशेने हात चालतो त्याच दिशेने पाथ काढा.

आता प्रत्येक शेप लेयरच्या ‘ॲड’ बाणातून ट्रिम पाथ्स घ्या. ‘एंड’ला पहिल्या फ्रेमवर ० आणि शेवटच्या फ्रेमवर १०० टक्के अशा की-फ्रेम (ठरावीक फ्रेमवर बांधलेली किंमत) द्या. रेघ उलट्या टोकाकडून आली तर पाथशेजारचं दिशा उलटवण्याचं बटण दाबा. तेही नको असेल तर एंड १०० वर स्थिर ठेवून ‘स्टार्ट’ १०० वरून ० वर आणा, दिसायला तेच दिसतं. सुरुवातीच्या की-फ्रेमवर लेयर निवडून आल्ट + [ ने त्याची सुरुवात तिथेच कापा, म्हणजे आधीच्या फ्रेमवर ठिपकासुद्धा उरणार नाही.

प्रत्येक फटकाऱ्यासाठी अक्षराच्या लेयरची एक प्रत घ्या आणि तिला त्या फटकाऱ्याचा शेप लेयर ट्रॅक मॅट म्हणून द्या, प्रकार ‘अल्फा’ (पारदर्शकता). २०२२ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून कुठलाही लेयर मॅट म्हणून निवडता येतो. त्याआधीच्या आवृत्तीत मॅट अक्षराच्या लगेच वरच असावा लागतो, मध्ये दुसरा लेयर आला की साखळी तुटते.

देवनागरी कुठे अडवते

इंग्रजी अक्षरांवर हे शिकून मराठीकडे आलेले इथेच अडकतात.

पहिली अडचण शिरोरेघ. छापील अक्षरात ती दंडाला जोडलेली असते. काना लिहिताना मॅटची रेघ वरून निघते आणि तिच्यासोबत शिरोरेघेचा ७५ पिक्सेलचा तुकडा आधीच उजळतो. प्रत्येक दंडाच्या डोक्यावर छोटी टोपी बसल्यासारखं दिसतं. उपाय असा: शब्दाचा लेयर कंट्रोल + डी ने दुप्पट करा. एकावर आयताकृती मास्कने फक्त शिरोरेघ ठेवा, दुसऱ्यावर तोच मास्क ‘सबट्रॅक्ट’ करून खालची अक्षरं. शिरोरेघेला स्वतःचा मॅट द्या. दंडाच्या मॅटला गोल टोक देऊ नका, ‘बट कॅप’ ठेवा.

हे करताना दोन्ही मास्क अगदी एकाच रेषेवर जुळवले तर सांध्यावर केसाएवढी फट दिसते, कारण दोन्ही कडा अर्धपारदर्शक असतात. दोन पिक्सेलचा ओव्हरलॅप ठेवा, फेदर शून्य.

दुसरी अडचण ‘ख’. त्याच्या ‘र’ची शेपटी आणि ‘व’चा गोळा इतके जवळ असतात की एकाची जाड रेघ दुसऱ्याचा कोपरा उघडा पाडते. फ्रेम फ्रेम पुढे जाऊन पाहा: ‘र’ उतरताना ‘व’च्या डाव्या कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा चमकतो. मॅट बारीक करून हे सुटत नाही, उलट अक्षराची कड भरायची राहते. पुन्हा तोच मार्ग, लेयर दुप्पट करा, एकावर ‘र’चा भाग आणि दुसऱ्यावर ‘व’चा भाग मास्क करा, प्रत्येकाला आपापला मॅट. ‘श’च्या गाठीला, जिथे रेघ स्वतःलाच ओलांडते, तिथेही असंच दोन तुकड्यांत काम करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सरळ रस्ता नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. शाळेत शिकवतात तशी आधी अक्षरं, मग डावीकडून उजवीकडे शिरोरेघ. ‘दे’ची मात्रा शिरोरेघेनंतर घ्या. आधी घेतली तर शिरोरेघ येईपर्यंत ती आधाराविना हवेत तरंगते आणि वाचणाऱ्याची नजर तिथेच अडते.

लय

एका फटकाऱ्याला सरासरी ६ फ्रेम, दोन फटकाऱ्यांमध्ये २ फ्रेम मोकळ्या. अकरा फटकाऱ्यांचे ६६ आणि दहा मोकळ्या जागांचे २०, एकूण ८६ फ्रेम, म्हणजे २५ च्या वेगाला साधारण साडेतीन सेकंद. शब्दासाठी एवढा वेळ पुरे. पण सगळ्यांना सहाच देऊ नका. सरळ दंडाला ४, ‘श’च्या गाठीला ९, शिरोरेघेला ७. लांबी आणि वळण पाहून वाटा.

सगळ्या की-फ्रेम निवडून एफ ९ दाबलं (ईझी ईझ, म्हणजे वेग हळू वाढून हळू कमी होणं) की प्रत्येक फटकारा थांबत-थांबत, यंत्रासारखा येतो. ईझी ईझचा इन्फ्लुएन्स ३३.३३ टक्के असतो, पाच-सहा फ्रेमच्या रेघेला तो जड पडतो. पेन उचलण्याच्या टोकाला तो १५-२० वर आणा, सुरुवातीचं टोक सरळच राहू द्या. शिरोरेघेला ईझ लावूच नका. ती एका झटक्यात ओढली जाते आणि तशीच दिसली पाहिजे.

घाईचं काम असेल, ग्राहकाला नुसता नमुना पाठवायचा असेल, तर सगळे पाथ एकाच शेप लेयरमध्ये घेऊन खाली एकच ट्रिम पाथ्स लावा आणि ‘ट्रिम मल्टिपल शेप्स’ला ‘इंडिव्हिज्युअली’ करा. सगळे फटकारे एकामागून एक येतात, दोनच की-फ्रेममध्ये. क्रम चुकला तर गट वर-खाली सरकवा. ‘सायमल्टेनियसली’ राहिलं तर सगळे एकदम सुरू होतात. यात फटकाऱ्यांमधली विश्रांती मिळत नाही, म्हणून अंतिम कामाला हे नको.

जेनरेटमधला ‘स्ट्रोक’ इफेक्ट अजून पुष्कळ जण वापरतात: लेयरवर मास्क काढायचा, पेंट स्टाइल ‘रिव्हील ओरिजिनल इमेज’, एंडला की-फ्रेम. बारीक रेघेला तो ठीक आहे. पण त्याचा ब्रश ५० पिक्सेलच्या पुढे जात नाही, त्यामुळे जाड कलमी अक्षर कडेला अपुरं भरतं. स्पेसिंग वाढलेलं असलं तर रेघेऐवजी ठिपक्यांची माळ येते.

तापी आणि तिच्या उपनद्या

नदीलाही तेच तंत्र, फक्त अडचणी वेगळ्या. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून पश्चिमेकडे जाते आणि सुरतपुढे खंभातच्या आखाताला मिळते, लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. म्हणजे नकाशावर ती उजवीकडून डावीकडे वाहते. पेन हातात घेतला की सवयीने डावीकडून सुरुवात होते आणि प्रिव्ह्यूमध्ये नदी समुद्रातून डोंगरावर चढते. पाथचा पहिला बिंदू मुलताईलाच पडला पाहिजे.

उगमापाशी बारीक आणि मुखाकडे रुंद दिसण्यासाठी स्ट्रोकमधला ‘टेपर’ वापरा. स्ट्रोक १२ पिक्सेल, स्टार्ट लेंग्थ १०० टक्के, स्टार्ट विड्थ २५ टक्के, म्हणजे मुलताईला ३ आणि सुरतेला १२. याच रेघेला ट्रिम लावण्याचा मोह टाळा. टक्केवारीतला टेपर वाढत्या रेघेबरोबर ताणला जातो, त्यामुळे नदी भुसावळपर्यंतच आलेली असताना भुसावळला ती पूर्ण १२ पिक्सेल रुंद दिसते आणि पुढे गेली की मागे बारीक होत जाते. वाहती नदी मागे आटताना दिसणं भयंकर विचित्र वाटतं. म्हणून टेपर दिलेली नदी स्थिर, आणि तिच्याच पाथची प्रत घेऊन, टेपर काढून, ४० पिक्सेलचा मॅट. ट्रिम त्या मॅटला.

मुख्य नदीला १० सेकंद, २५० फ्रेम, ईझ न लावता. आता उपनद्या. पूर्णा चांगदेवला मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, या सगळ्या दक्षिणेकडून, म्हणजे नकाशात खालून येतात. प्रत्येकीचं पाणी संगमावर तापीचं टोक पोचतं त्याच फ्रेमला पोचलं पाहिजे. उलटं काम करा: तापीचा प्रिव्ह्यू चालवा, टोक संगमावर आलं की थांबा, नंबर पॅडवरच्या तारका-बटणाने मार्कर टाका. उपनदीची एंड १०० ची की-फ्रेम त्या मार्करवर बसवा आणि तिथून मागे मोजत सुरुवात ठरवा.

मागे किती मोजायचं हे वेगावरून. तापीचा पाथ पडद्यावर साधारण १५०० पिक्सेल आणि २५० फ्रेम, म्हणजे फ्रेमला ६ पिक्सेल. गिरणा नाशिक जिल्ह्यातून येते, नकाशावर ती ३३० पिक्सेल भरली तर तिला ५५ फ्रेम. अजिंठ्याच्या डोंगरातून उतरणारी वाघूर आखूड, तिला पंधरा-वीसच. दोघींना सारख्याच फ्रेम दिल्या तर गिरणा पूर आल्यासारखी धावते आणि वाघूर रांगते. प्रत्येक उपनदीचा मॅट आणि तिचं चित्र वेगळं ठेवा, नाहीतर तापीचा ४० पिक्सेलचा मॅट संगमाजवळच्या उपनदीचा तुकडा आधीच दाखवून टाकतो.

रेघेवरून गाडी

नकाशात नदीसोबत रेल्वेही मागतात. जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार असा मार्ग आणि त्यावर इंजिनाचं छोटं चित्र.

मार्ग कॉम्पच्या मापाच्या सॉलिडवर मास्क म्हणून काढा. शेप लेयरचा पाथ थेट ‘पोझिशन’मध्ये चिकटवला तर गाडी रुळांपासून दूर कुठेतरी धावते, कारण शेपचे अंक त्याच्या स्वतःच्या मध्यापासून मोजलेले असतात. मास्क उघडून त्यातला ‘मास्क पाथ’ निवडा, कंट्रोल + सी, मग गाडीच्या लेयरची ‘पोझिशन’ निवडून कंट्रोल + व्ही. पोझिशन न निवडता चिकटवलं तर गाडीवरच मास्क बसतो. चिकटवल्यावर दोन सेकंदांच्या की-फ्रेम येतात, मधल्या गोल, म्हणजे रोव्हिंग. शेवटची ओढली की बाकीच्या आपोआप पसरतात आणि वेग एकसारखा राहतो.

ट्रान्सफॉर्ममध्ये ऑटो-ओरिएंट ‘अलाँग पाथ’ करा. आणि इथे इंजिन उलटं होतं, चाकं वर. कारण लेयरची उजवी बाजू पुढची मानली जाते आणि पश्चिमेकडे जाताना लेयर १८० अंशांत फिरतो. चित्रात इंजिनाचं तोंड उजवीकडे ठेवा, स्केलची साखळी तोडा आणि वाय स्केल उणे १०० करा. फिरल्यावर ते सरळ उभं राहतं आणि तोंड नंदुरबारकडे.

अमळनेरला गाडी थांबवायची असेल तर रोव्हिंग उपयोगाचं नाही. ‘क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स’ या पॅनेलमधलं ‘ट्रेस पाथ’ घ्या. मिळालेल्या नलवरच्या (न दिसणाऱ्या लेयरवरच्या) ‘प्रोग्रेस’ला हव्या तिथे सारख्या किमतीच्या दोन की-फ्रेम दिल्या की गाडी उभी. गाडीचा लेयर नलला जोडा. त्याच इफेक्टमधलं लूप बंद करायला विसरू नका, नाहीतर नंदुरबारला पोचलेली गाडी पुन्हा जळगावला उगवते.

टॅबलेट असेल तर

ब्रशने थेट लिहिता येतं. पेंट पॅनेलमध्ये ड्युरेशन ‘राइट ऑन’ करा, लेयरवर डबल क्लिक करून लेयर पॅनेल उघडा आणि तिथे लिहा. कॉम्प पॅनेलमध्ये ब्रश चालत नाही. हाताला जेवढा वेळ लागला तेवढ्या फ्रेम आपोआप बसतात. मात्र प्रत्येक फटकारा टाइम इंडिकेटर जिथे उभा आहे तिथूनच सुरू होतो. इंडिकेटर न सरकवता पाच फटकारे मारले तर पाचही एकदम उमटतात, मग टाइमलाइनवर ते एकेक सरकवावे लागतात. सुलेखनाचा हात असेल त्याला हा मार्ग सुखाचा. माउसने लिहिलेलं मात्र माउसने लिहिल्यासारखंच दिसतं.

फ्युजनमध्ये

डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही फ्युजन पान आहे. अक्षराच्या नोडला पॉलिगॉन मास्क जोडा, पाथ उघडा ठेवा, ‘सॉलिड’ची खूण काढा, ‘बॉर्डर विड्थ’ वाढवा, मग राइट ऑनच्या ‘लेंग्थ’ला ० ते १ अशा की-फ्रेम द्या. एक खोडी लक्षात ठेवा: पॉलिगॉनचा आकार काढल्याक्षणी तो आपोआप ॲनिमेट होतो. तिसाव्या फ्रेमवर एखादा बिंदू सुधारला की तिथे नवी की-फ्रेम पडते आणि मधल्या फ्रेममध्ये रेघ वळवळते. पाथ काढून झाल्यावर इन्स्पेक्टरच्या तळाशी आकाराच्या ॲनिमेशनवर राइट क्लिक करून ते काढून टाका.

रेंडर

दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर बसवायचं असेल तर पारदर्शक फाइल लागते. एच.२६४ मध्ये अल्फा राहत नाही, काळी पाटी येते. प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी सिक्वेन्स घ्या, चॅनल्स ‘आरजीबी + अल्फा’, कलर ‘स्ट्रेट’. ‘प्रीमल्टिप्लाइड’ दिलं आणि पुढच्या सॉफ्टवेअरने ते ओळखलं नाही, तर अक्षराभोवती काळपट कड येते. पांढऱ्या साडीवर किंवा हळदीच्या पिवळ्या रंगावर ती लगेच उठून दिसते.

लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे. मशीन तापून संथ होतं, दिवेही जातात. प्रिव्ह्यू अर्ध्या रेझोल्यूशनवर चालवा आणि लांब रेंडर पीएनजी सिक्वेन्समध्येच करा. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम फोल्डरमध्ये राहतात. शेवटची अर्धवट लिहिली गेलेली फाइल पुसून टाका आणि तिथूनच पुढे सुरू करा.